बालवाटिका-२ की बालवाटिका-३? आणि अंगणवाडीत जाणाऱ्या मुलीचं काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज होत असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही देवगड तालुक्यात राहता. लेकीचा जन्म नोव्हेंबर २०२१ चा. गेलं वर्षभर ती वाडीतल्याच अंगणवाडीत जाते. येत्या जूनसाठी, म्हणजे २०२६-२७ साठी, तुम्ही दोन फॉर्म आणलेत. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने ‘बालवाटिका-३’ लिहून दिलं. मिस्टर तटरक्षक दलात आहेत आणि वर्षा-दोन वर्षांत बदली होऊ शकते, म्हणून केंद्रीय विद्यालयात चौकशी केलीत, तर तिथे त्याच मुलीला ‘बालवाटिका-२’ सांगितलं. त्यात नणंद म्हणाली की अंगणवाडी ही काही शाळा नव्हे, पोरीचं वर्ष फुकट गेलं. बालवाटिका म्हणजे नेमकं काय, ज्युनियर केजी की सिनियर केजी, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी बालवाडीची बाई होते आणि नंतर बरीच वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांतून फिरले. त्या अनुभवावरून सांगते. प्रश्न तुम्ही नावाचा विचारलात, पण काळजी दोन वेगळ्या गोष्टींची आहे: मुलीचं वर्ष वाया जाईल का, आणि अंगणवाडीतून आली म्हणून पुढे तिला कुणी कमी लेखेल का. नावाचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं.

पहिलीच्या आधीच्या वर्गांना आपल्याकडे पुष्कळ नावं आहेत. घरातले म्हातारे ‘बिगरी’ म्हणतात. मराठी शाळांत शिशुवर्ग, बालवर्ग किंवा लहान गट-मोठा गट म्हणतात. इंग्रजी शाळांत नर्सरी, ज्युनियर केजी, सिनियर केजी. सरकारी कागदावर या सगळ्याला मिळून ‘पूर्वप्राथमिक’ म्हणतात. ‘बालवाटिका’ हा शब्द घरोघरी पोचला तो २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे. त्या धोरणात तो पहिलीच्या आधीच्या एका वर्षापुरता आला होता. पुढे केंद्रीय विद्यालयांत आणि बाकीच्या ठिकाणी तीन ते सहा या तिन्ही वर्षांना बालवाटिका-१, २, ३ असे आकडे लागले. म्हणून एखाद्या फॉर्मवर आकड्याशिवाय नुसतं ‘बालवाटिका’ लिहिलेलं असेल, तर ‘पहिलीच्या आधीचं शेवटचं वर्ष ना?’ एवढं विचारून घ्यावं. आकडा असेल तर हिशेब सरळ आहे. १ म्हणजे नर्सरी, २ म्हणजे ज्युनियर केजी किंवा लहान गट, ३ म्हणजे सिनियर केजी किंवा मोठा गट.

मग एकाच मुलीला एक शाळा ३ म्हणते आणि दुसरी २, हे कसं? दोघांचंही बरोबर आहे. फरक वय मोजायच्या तारखेचा आहे. आपल्या राज्यात ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाचं वय किती होतं ते धरतात. त्या दिवशी तीन पूर्ण असतील तर नर्सरी आणि सहा पूर्ण असतील तर पहिली. तुमच्या लेकीला ३१ डिसेंबर २०२६ ला पाच पूर्ण झालेली असतील, म्हणून बालवाटिका-३. केंद्रीय विद्यालयात वय ३१ मार्चला मोजतात. ३१ मार्च २०२६ ला ती चार वर्षं चार महिन्यांची, म्हणून बालवाटिका-२. एप्रिल ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेल्या सगळ्याच मुलांच्या बाबतीत हा घोळ होतो. जानेवारी ते मार्चमधल्या मुलांना दोन्हीकडे एकच वर्ग येतो, म्हणून त्यांच्या आईबापांना तो कधी कळतही नाही. तुमच्या लेकीला काय येतं किंवा काय येत नाही, याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही.

इथे एक शब्द नीट धरून ठेवा: किमान. राज्याचा नियम एवढंच सांगतो की याहून लहान मूल त्या वर्गात घेऊ नये. वय बसतं म्हणजे त्याच वर्षी घातलंच पाहिजे, असं तो म्हणत नाही. शाळेतले लोक कधीकधी ‘वयाप्रमाणे हिला ३ मध्येच बसवावं लागेल’ असं ठासून सांगतात. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत मी आईबापांना नेहमी थांबून विचार करायला सांगत आले. राज्याच्या तारखेने गेलात तर तुमची लेक जून २०२७ मध्ये, साडेपाच वर्षांची असताना पहिलीत बसेल. तिच्या शेजारी त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेली, दहा महिन्यांनी मोठी मुलगी असेल. मोठ्या माणसांत दहा महिने म्हणजे काहीच नाही. पाच वर्षांच्या मुलाचं मात्र ते जवळजवळ सहावा हिस्सा आयुष्य असतं.

तुमच्या बाबतीत बदलीचाही विचार करायला हवा. समजा, या जूनला बालवाटिका-३ मध्ये घातलीत आणि २०२७ च्या सुरुवातीला बदली झाली. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्च २०२७ ला सहा पूर्ण लागतील आणि ती असेल सव्वापाच वर्षांची. म्हणजे तिथे ती पहिलीत बसणार नाही, मागचं वर्ष पुन्हा करावं लागेल. पुढच्या इयत्तांनाही तिथे वयाची अट असते. उलट सावकाश गेलात, म्हणजे आता २, मग २०२७-२८ ला ३ आणि जून २०२८ ला पहिली, तर दोन्हीकडच्या तारखांत ती बसते. बदलीची शक्यता नसती आणि मुलगी अंगाने-बोलण्याने दणकट असती, तर मी एवढा आग्रह धरला नसता. तुमची परिस्थिती बघता माझं मत सावकाश जाण्याच्या बाजूने आहे. आणखी एक, बालवाटिका सगळ्याच केंद्रीय विद्यालयांत नसते. बदलीचं गाव कळल्यावर तिथल्या शाळेत आहे की नाही ते आधी बघा.

आता अंगणवाडीकडे येते. नणंदेचं बोलणं मनाला लागलंय ते तुमच्या लिहिण्यातून दिसतं.

‘अंगणवाडी म्हणजे खाऊ खाऊन परत यायचं’ हे वाक्य मी प्रत्येक वाडीत ऐकलंय. अंगणवाडी कुठून आली हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी तरी विसरू नये. ती इथेच, उत्तर कोकणात उभी राहिली. ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी गावात एका जागी भरली की पाड्यावरची मुलं तिथवर येत नसत. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत असे, कुणी गुरांमागे जात असे. मग या बायकांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातसुद्धा शाळा भरवली. साधनं काय, तर तिथलेच दगड, बिया, पानं, माती. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या बरोबरीने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण हे त्या योजनेच्या सहा सेवांपैकी एक आहे. ते कामाच्या यादीत पहिल्या दिवसापासून आहे.

नव्या धोरणानेही अंगणवाडी बाजूला काढलेली नाही. तीन ते आठ हा सलग पाच वर्षांचा पायाभूत टप्पा धरलाय. त्यातली पहिली तीन वर्षं मूल अंगणवाडीत असो, बालवाडीत असो की मोठ्या शाळेच्या बालवाटिकेत, ती एकच धरली आहेत. म्हणून तुमच्या लेकीचं गेलं वर्ष कागदावरही फुकट गेलेलं नाही. राज्याच्या तारखेने गेल्या ३१ डिसेंबरला तिला चार पूर्ण होती, म्हणजे त्या हिशेबाने बालवाटिका-२ चं वर्ष तिने अंगणवाडीत काढलं.

पण कागदावर चालतं म्हणून प्रत्येक अंगणवाडी चांगलीच, असं मी म्हणणार नाही. हे पुष्कळसं अंगणवाडीच्या ताईवर अवलंबून असतं. एकाच ताईला मुलांचं वजन-उंची घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, फोनवर नोंदी भरायच्या आणि वरून मीटिंगाही असतात. एका खोलीत तीन वर्षांचं रडणारं आणि साडेपाच वर्षांचं धडधाकट पोर एकत्र बसतं. ज्या ताईला यातून रोज दीड-दोन तास मुलांसाठी काढता येतात, तिच्या अंगणवाडीसारखी जागा नाही. जिला ते जमत नाही, तिच्याकडे खरंच मुलं येतात, खातात आणि जातात. म्हणून अंगणवाडी की इंग्रजी शाळा हा वाद घरात घालण्याऐवजी दोन्हीकडे जाऊन तासभर बसा. फॉर्म घ्यायच्या दिवशी जाऊ नका, मधल्या एखाद्या साध्या दिवशी जा.

काय बघायचं ते एका उदाहरणाने सांगते. मालवणजवळच्या एका अंगणवाडीत एक ताई तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून डब्यात ठेवायची. चार-पाच मुलांना जाजमावर बसवून आधी नुसत्या निवडायला द्यायची. मोठ्या एकीकडे, लहान एकीकडे, मग रेघांच्या वेगळ्या आणि पांढऱ्या वेगळ्या. मुलं वाद घालायची, ‘ही मोठ्यांत नाय, मधल्यांत.’ मग ती सात शिंपल्या जवळ जवळ ओळीत मांडून मोजून घ्यायची. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच सात लांब लांब पसरायची आणि विचारायची, आता किती? चार वर्षांचं मूल बहुतेक वेळा म्हणतं, ‘आता जास्त.’ नाहीतर पुन्हा पहिल्यापासून बोट लावून मोजतं. एखादं मोठं मूल जरा थांबतं आणि म्हणतं, ‘तितक्याच असत. तुया काय घातलंस नाय.’ काही मुलांना हे पहिलीत गेल्यावरच उमगतं आणि त्यात काळजीचं काही नाही. पण ते उमगल्याशिवाय एक ते शंभर घडाघडा म्हणता येण्याला गणित म्हणता येत नाही. त्या ताईकडे ना तक्ते होते ना रंगीत टेबलं. तिला काय विचारायचं आणि उत्तरासाठी किती थांबायचं ते माहीत होतं. हा प्रयोग तुम्ही घरी काजूच्या बियांनी करून बघा. मात्र उत्तर चुकलं तर सांगून दुरुस्त करू नका. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारा.

याच्या उलट चित्र काही शाळांतून दिसतं. चार वर्षांची मुलं बाकावर रांगेत बसलेली, हातात पेन्सिल, समोर चार रेघी वही आणि पानभर एकच अक्षर. आईबापांना ती भरलेली वही दिसते आणि समाधान वाटतं. त्या वयात मनगटाची हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, बोटांत जोर आलेला नसतो. ते मूल पेन्सिल मुठीत आवळून, खांद्यापासून हात हलवत लिहितं आणि दमतं. त्याआधी माती मळणं, कागद फाडणं, अबोली-सुरंगीची फुलं ओवणं, तांब्याने वाटीत पाणी ओतणं, बटणं लावणं हे सगळं झालं की लिहिणं फारशा कष्टाशिवाय येतं. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ठरवून दिलेली पाठ्यपुस्तकं नसावीत आणि या टप्प्यावर परीक्षा घेणं योग्य नाही, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणून शाळेच्या दारावर ‘बालवाटिका’ अशी नवी पाटी असेल आणि आत पुस्तकांचा संच, युनिट टेस्ट आणि गृहपाठ असेल, तर हे लक्षात ठेवून शांतपणे विचारा. चांगल्या शाळेला तुमचा प्रश्न आवडेल.

भाषेचंही बघा. तुमची लेक घरी मालवणी बोलत असणार. साडेचार वर्षांच्या मुलाला तहान लागली की त्याच्या तोंडून ‘माका पानी व्हया’ असंच येतं. वर्गातल्या बाईंनी ते ऐकून पाणी दिलं, मग स्वतः प्रमाण मराठीत आणि हळूहळू इंग्रजीतही तेच सहज बोलून दाखवलं, तर मूल तिन्ही भाषा उचलतं. पण ‘असं नाही बोलायचं’ म्हणून गप्प केलं, तर काही मुलं आठवडेच्या आठवडे वर्गात तोंड उघडत नाहीत. अशी मुलं मी पाहिली आहेत. घरी बडबडी आणि शाळेत मुकी. त्यांच्या आया मला विचारायच्या, हिला काय झालं असेल. इंग्रजी माध्यमाला माझा विरोध नाही, तो निर्णय घरचा आहे. या वयात मात्र बाईंना मुलाची घरची भाषा कळते का, आणि ती त्यांना चालते का, एवढं मी नक्की बघेन.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर २ आणि ३ मधला फरक तारखेचा आहे, अंगणवाडीचं वर्ष मोजलं जातं, आणि निवड करताना आत काय चालतं ते पाहायचं. आता तुमच्यासाठी व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या.

पहिलीच्या प्रवेशाला केजीचा दाखला लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही, आणि वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारताही येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत अंगणवाडीतली मुलं सरळ पहिलीत येतात आणि पहिलीच्या सुरुवातीला खेळांतून शाळेची तयारी करून घ्यायचा तीन महिन्यांचा कार्यक्रमही असतो. खाजगी शाळेची अडचण वेगळी आहे. तिथे प्रवेश नर्सरीपासून होतात, त्यामुळे पहिलीला जागाच उरत नाही. तुम्हाला पुढे तीच शाळा हवी असेल, तर ‘२०२८ मध्ये पहिलीला किती जागा नव्याने भरता’ असं आजच विचारून घ्या. जागेच्या भीतीने मूल एक वर्ष आधी बसवू नका.

दुसरी अडचण सावकाश जाण्यातली आहे आणि ती मी लपवणार नाही. अंगणवाडीत नोंद राहते ती सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत. तुमच्या लेकीला नोव्हेंबर २०२७ मध्ये सहा पूर्ण होतील, म्हणजे २०२७-२८ चं वर्ष अर्ध्यावर असताना. म्हणून मी असं सुचवेन की २०२६-२७ हे वर्ष अंगणवाडीतच राहू द्या, अर्थात तासभर बसून पाहिल्यावर तुमचं मन भरलं तर. पुढचं वर्ष मात्र ज्या शाळेत पहिली करायची तिथल्याच बालवाटिका-३ मध्ये किंवा मोठ्या गटात घाला. तोवर बदलीचंही कळेल. अंगणवाडीत तुमचं समाधान झालं नाही, तर याच जूनला तालुक्याच्या शाळेत घालायला हरकत नाही. पण मग ३ ऐवजी २ मध्ये घ्या असा लेखी अर्ज द्या, आणि अर्जात बदलीचं कारण लिहा.

तिसरी गोष्ट अंतराची. तालुक्याच्या गावापर्यंत व्हॅनने किती वेळ लागतो ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस, घाटीची वळणं आणि भरलेली व्हॅन, यांत साडेचार वर्षांचं मूल येऊन-जाऊन दीड तास काढत असेल, तर शाळा कितीही चांगली असली तरी ते घरी पोचतं तेव्हा त्याच्यात खेळायचं बळ राहत नाही. अर्ध्या तासाच्या आत असेल तर चालेल. अंगणवाडी बघायला जाल तेव्हा तिथेही पावसाळ्याच्या डोळ्यांनी बघा. छप्पर गळतं का, मागच्या विहिरीला कठडा आहे का, वाटेतल्या व्हाळाला पाणी आलं की मुलं कशी येतात, संडास वापरात आहे का. या गोष्टी ताईच्या हातात नसतात. ग्रामपंचायतीकडे चार आयांनी मिळून अर्ज दिला की कामं होतात, हे मी होताना पाहिलंय.

कागदपत्रांत जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड एकत्र ठेवा. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव लिहिलेलं आहे ना, ते आजच बघा. पुष्कळ दाखल्यांवर नुसतं आईवडिलांचं नाव असतं आणि मुलाच्या नावाची जागा कोरी राहते. जिथे जन्माची नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत अर्ज केला की नाव चढवून मिळतं. पंधरा वर्षांपर्यंत ते करता येतं, पण बदली झाल्यावर त्यासाठी देवगडला परत यावं लागेल. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि दाखल्यावर एकच असू द्या. अंगणवाडीताईंकडून हजेरीची आणि वजन-उंचीची नोंद लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. ती प्रवेशाला लागत नाही. पण नव्या गावात मुलगी आधी कुठे जात होती असं कुणी विचारलं, तर तो कागद त्यांच्यापुढे ठेवता येईल.

व्हॅनचा वेळ आणि अंगणवाडीत बसून काय दिसलं ते कळवा, मग जूनचं नक्की करू.